मुबारकबीचं डांगर

शेवगावच्या शेतकी प्रदर्शनात मुबारकबी बागवानच्या डांगराला, म्हणजे लाल भोपळ्याला, पहिला नंबर मिळाला, तेव्हा तिनं निकाल नीट ऐकलासुद्धा नाही. काट्यावर ते सव्वा मण भरलं, एवढं तिला पुरे होतं. तिचा जीव होता आतल्या बियांवर.

सात वर्षं ती एकाच वाणाच्या मागे लागली होती. दरसाल सगळ्यांत जड फळ देठ वाळेपर्यंत वेलावर ठेवायचं, मग फोडून बी पाण्यात टाकायचं, तरंगेल ते फेकायचं. बुडालेल्यांतलं टपोरं, जाड कडेचं तेवढंच राखेत घोळून ठेवायचं. यंदा वेल किडीनं गेले, जगला एकच. त्यावर तिनं एकच फळ राखलं होतं. घरात जुनं बी शिल्लक नव्हतं.

"प्रदर्शन उठलं की ज्याचं त्यानं फळ न्यावं," असं कारकुनानं नाव लिहून घेतानाच सांगितलं होतं. म्हणून शेवटच्या दिवशी ती नवऱ्याला, नबीलालला, घेऊन गाडी जुंपून मांडवात आली. तर डांगराच्या जागी नुसता पेंढा.

"ते होय? काल शेतकी खात्याच्या साहेबांच्या तंबूत मेजवानी होती," कारकून म्हणाला. "हलवा केला त्याचा. झकास झाला होता."

मुबारकबीच्या कानशिलांत आग पेटली. "कुनाला इचारून फोडलं?"

"अगं, बक्षिसाचं फावडं मिळालं ना तुला?"

"फावड्याला डांगरं लागत्यात व्हय?"

नबीलाल "जाऊ दे, जाऊ दे" करत राहिला, पण ती तरातरा साहेबांच्या तंबूपुढे जाऊन उभी राहिली. साहेब चहा पीत होते. सगळं ऐकून हसले.

"एका भोपळ्यासाठी एवढा कांगावा? सरकारी मळ्यातलं बी देतो तुला. विलायती."

"तुमचं बी तुमाला लखलाभ. सात वर्सं मी काय तुमच्या हलव्यासाठी निवडत हुते?"

साहेबांचं हसू मावळलं. त्यांच्या खानसाम्यानं तिला बी टाकलं होतं तो मागचा उकिरडा दाखवला. राख, चहाचा चोथा, अंड्यांची टरफलं, आणि त्यात चरणाऱ्या कोंबड्या. मुबारकबीनं कोंबड्या हाकलल्या आणि तिथंच बसकण मारली. येणारे-जाणारे थांबून बघत होते. लाज वाटायची तर त्या साहेबाला वाटावी, असं म्हणत ती एकेक बी उचलत राहिली. निखाऱ्यानं भाजलेलं टाकलं, चोच लागलेलं टाकलं. शेवटी नबीलालही शेजारी येऊन बसला. खानसाम्याच्या बादलीत टाकल्यावर बुडाली ती सतरा.

एवढ्यात कारकून आला. "साहेब म्हणतात, निम्मं बी सरकारी मळ्याला दे."

"राखेत हाय अजून. साहेबाला म्हनावं, बसा येऊन."

सतरातली नऊ उगवली. पुढच्या साली कारकून प्रदर्शनासाठी डांगर मागायला तिच्या दारात आला, तेव्हा तिनं त्याला बाजेवरसुद्धा बसवलं नाही. "डांगर बघायचं तर माझ्या मळ्यात या म्हनावं. हात लावायचा न्हाई."

तो गेल्यावर नबीलाल म्हणाला, "वरीस झालं, आता तरी राग सोड."

तो काही तिनं सोडला नाही.