तात्यांच्या फियाटचं ॲव्हरेज

अमृतने चौथा प्लग खोलला, फडक्याने न पुसता तसाच उन्हात धरला आणि डोळा बारीक करून पाहिला. दुधाच्या चहाचा रंग. आधीचे तिन्ही असेच निघाले होते. पेट्रोल नको तितकं जात असतं तर प्लगवर काजळी धरली असती, पण इथं काजळीचा ठिपका नव्हता.

“प्लग तर झकास हायेत, तात्या.”

सयाजीतात्या बोनेटच्या पलीकडे हात मागे बांधून उभे होते. त्यांनी मान डोलावली.

“लिटरला चौदा किलोमीटरची गाडी नवावर आली,” ते म्हणाले. सकाळपासून चौथ्यांदा म्हणाले असतील. “टाकी भरली का रिकामी. पाण्यावाणी पिती.”

पुणे-नाशिक रस्त्याला लागून कळंबमध्ये अमृतचं गॅरेज होतं. गाड्या पेट्रोल पितात ही तक्रार रोजचीच, आणि तिची औषधंही त्याला तोंडपाठ होती. पण आज औषध चालेना. त्याने कार्बुरेटर उघडला, तर आत घासलेल्या पितळी तांब्यासारखा लख्ख. एअर फिल्टर नवा. चारही चाकं जॅकवर घेऊन हाताने फिरवली, तर कुठं ब्रेक धरत नव्हता. पेट्रोलची नळी बोटाने चाचपली, बोट कोरडं राहिलं. तात्यांच्या गाडीत घाण सापडायची म्हणजे देवघरात चप्पल सापडायची. तरी अमृत शोधत होता, कारण नाइलाज होता. गाडी खुद्द उस्तादांची होती.

निरगुडसरच्या सयाजीतात्यांनी उभा जन्म इंजिनं दुरुस्त करण्यात घालवला. आधी विहिरीवरची ऑइल इंजिनं, मग ट्रॅक्टर, मग जीपगाड्या. पाने-पकडी सगळ्यांकडेच असतात. तात्यांकडे कान होता. एकदा राजुरीच्या एका मळ्यात दोन मिस्त्री इंजिन उकलून बसले होते, जोडलं की तीच रड. तात्या बांधावरून सायकल ढकलत येत होते. लांबूनच त्यांनी हात वर केला, इंजिन बंद करायला लावलं आणि जवळ न येताच कुठला नट आवळायचा ते सांगितलं. सायकलच्या कॅरियरवर बसून आलेल्या पोरवयाच्या अमृतने धावत पुढे जाऊन तो नट आवळला होता. इंजिन असं चालायला लागलं, जसं काही झालंच नव्हतं. मळेकऱ्याने तात्यांना पाटीभर कांदे दिले, आणि अमृतने त्या दिवशी मनाशी ठरवलं की शिकायचं तर ह्याच माणसाकडे.

गाडी चालवायलाही तात्यांनीच शिकवलं, आणि तेही कानानेच. फियाटचा स्पीडचा काटा कित्येक वर्षं शून्यावर पडलेला. तात्यांनी तो मुद्दाम दुरुस्त केला नव्हता. काट्याकडं बघून गेर टाकणारा तो ड्रायव्हर न्हवं, कारकून, असं ते म्हणत. इंजिन सांगतं कधी टाकायचा. आंबेगाव तालुक्यातली निम्मी ड्रायव्हर मंडळी अशी तात्यांच्या कानावर तयार झालेली.

अमृतने फडक्याला हात पुसले.

“तात्या, बाटली लावू.”

“लाव,” तात्या लगेच म्हणाले. जणू त्याचीच वाट पाहत होते.

टाकीकडून येणारी नळी काढायची, बोनेटखाली बाटली बांधायची, तिच्यात मापून अर्धा लिटर पेट्रोल ओतायचं आणि गाडी बंद पडेपर्यंत पळवायची. जिथं बंद पडेल तिथवरचे मैलाचे दगड मोजले की झालं. बाटलीला कुणाची भीड नसते.

जाताना अमृतने चालवली. तात्या शेजारी बसले होते, मांडीवर हात ठेवून, समोर बघत. रस्ता मोकळा होता. गाडी लोण्यातून सुरी जावी तशी निघाली आणि थेट नारायणगावच्या हद्दीला जाऊन मगच आचके देऊन थांबली. अमृतने हिशेब केला आणि त्याचा जीव भांड्यात पडला.

“तात्या, पुरं चौदा! काय झालंय गाडीला? काय बी न्हाई!”

तात्या हसले नाहीत. खाली उतरले, सोबत आणलेल्या कॅनमधलं पेट्रोल स्वतः मापून बाटलीत ओतलं आणि स्टिअरिंगच्या बाजूने आत बसले.

“आता मी चालवतो. तू बस.”

त्यांनी गाडी कळंबकडे वळवली. पहिला, दुसरा, तिसरा गेर पडला. गाडीने वेग घेतला. इंजिन चढ्या आवाजात ओरडायला लागलं, आता वरचा गेर मागत होतं. अमृत वाट पाहत राहिला. आता टाकतील. त्या पुलापाशी टाकतील. पूल गेला. इंजिन किंचाळत होतं, पायाखालचा पत्रा थरथरत होता, आणि तात्यांचा चेहरा शांत, पहाटे देवळात बसलेल्या माणसासारखा. मागून एस.टी. कधीची हॉर्न देत होती. तात्यांनी बाजू दिली नाही. शेवटी एस.टी.च बाजूने निघून गेली, तेव्हा तात्या दचकले.

अमृतने गेरच्या दांड्याकडे पाहिलं. दोष सापडला होता. सकाळपासून ज्याच्यासाठी त्याने निम्मी गाडी उकलली, तो दोष गाडीत नव्हताच.

कळंब बरंच लांब असतानाच फियाटने आचके दिले आणि ती बाभळीखाली थांबली. उसाची एक बैलगाडी संथपणे पुढे गेली.

“किती?” तात्यांनी विचारलं.

“नऊच्या आसपास.” अमृतने काचेबाहेर बोट दाखवलं. “येताना वारं समोरून व्हतं, तात्या. आन् जरा चढ बी हाय.”

“ह्या रस्त्याला चढ?”

“न्हाई म्हंजे... टायमिंग बी थोडं हललं असंल. गॅरेजला गेल्यावर लावून देतो. बास व्हईल.”

तात्यांनी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. ती नजर अमृतला ठाऊक होती. चुकीचा पाना उचलला की ही नजर यायची.

“जाताना तुझ्या हाताखाली टायमिंग बरोबर, आन् येताना माझ्या हाताखाली हललं व्हय रं?”

अमृत पुढे गेलेल्या बैलगाडीकडे बघायला लागला.

“ह्या गाडीत जे जे उघडता येतं ते समदं मी उघडून बघितलंय,” तात्या म्हणाले. “महिना झाला. प्लग, जेट, ब्रेक. समदं चांगलं. मग राह्यलं एकच, ते माझं मला बघता येत न्हवतं. म्हणून तुझ्याकडं आणली. दुसऱ्या कुणाकडं नेली असती तर त्यानं नवा कार्बुरेटर गळ्यात मारला असता. मला वाटलं, अमृत खरं सांगंल.”

अमृतला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आयुष्यभर ज्या माणसाने दुसऱ्याच्या इंजिनाला कधी खोटा रोग लावला नाही, त्यालाच तो खोटा रोग सांगत बसला होता. तो तात्यांकडे वळला.

“तात्या, तुमी तिसऱ्यातच व्हता. सुरुवातीपासनं. वरचा टाकलाच न्हाई.”

“वरडत व्हती?”

“लई.”

तात्यांनी स्टिअरिंगवरचे दोन्ही हात काढून मांडीवर घेतले. “मला वाटत व्हतं, अजून येळच आली न्हाई टाकायची.” आणि मग, “आमची बायकू, साळुबाई म्हणती, तुमी ऐकून न ऐकल्यावाणी करता. तिला काय म्हाईत, मला खरंच ऐकू येत न्हाई.” आणि ते चक्क हसले. अमृतला हसता आलं नाही. त्याला त्या माणसाचे पाय धरावेसे वाटले. स्वतःचा कान गेला की नाही हे तपासायलाही हा माणूस बाटली लावून आला होता.

टाकीची नळी पुन्हा जोडून गाडी अमृतने गॅरेजपर्यंत आणली. दारात गेणभाऊंची जीप उभी होती, इंजिन चालू, बोनेट वर. गेणभाऊ भाजीची वाहतूक करायचे आणि त्यांना कायम घाई असायची. फियाटमधून उतरणारे तात्या दिसताच त्यांचा चेहरा उजळला.

“आरं राव! साक्षात तात्या! आता चिंता मिटली. दोन दिस आवाज येतोय. कुणी म्हणतं टॅपेट, कुणी म्हणतं इंजिन उतरवावं लागंल. जरा ऐका की.”

शेजारच्या चहाच्या टपरीवरची चार-दोन माणसं कप हातात घेऊन पुढे आली. तात्या ऐकायला वाकणार म्हणजे बघण्यासारखं असतं, हे त्यांना माहीत होतं.

“तात्या दमल्यात,” अमृत घाईने म्हणाला. “मी बघतो, गेणभाऊ.”

तात्यांनी त्याला हातानेच थांबवलं. ते जीपपाशी गेले, बोनेटवर एक हात टेकला आणि पूर्वीसारखी मान कलती केली. अमृतच्या मनात आलं, इतक्या वर्षांचा अनुभव आहे, अंदाजाने काहीही बोलले तरी दहातल्या नऊ वेळा बरोबर निघेल. बोला तात्या, काहीतरी बोला. इथं कुणाला काय कळतंय!

तात्या सरळ उभे राहिले.

“गेणभाऊ, माझा कान गेला. मला ह्यातलं काय बी येत न्हाई ऐकू.”

टपरीवरचा एकजण हसला. तात्यांनी गंमत केली असं त्याला वाटलं. मग त्याने इतरांचे चेहरे पाहिले आणि तो कपाकडे बघायला लागला. तात्या एक पाऊल बाजूला सरकले. त्यांनी बोनेटपुढची स्वतःची जागा मोकळी केली.

“अमृत, तू ऐक.”

अमृत वाकला. पुढच्या बाजूने येणारा आवाज त्याला लगेच ओळखू आला. पाण्याच्या पंपाचं बेअरिंग. टॅपेट नाही, इंजिन उतरवायचीही गरज नाही, तासाभराचं काम. शब्द अगदी ओठांवर आले होते. त्याने ते तसेच गिळले आणि मान वर करून मोठ्याने, एकेक शब्द सुटा करत सांगायला सुरुवात केली.

“तात्या, ठोका न्हाई. कोरडी कुरकुर हाय. जात्यात खडा आल्यावाणी.”

तात्यांनी डोळे मिटले.

“कुठनं येती?”

“म्होरून. पंख्याच्या मागून.”

“रेस दे.”

गेणभाऊ धावत आत बसले आणि त्यांनी ॲक्सिलरेटर दाबला.

“वाढती का तशीच ऱ्हाती?”

“वाढती, तात्या. आन् सोडली की मागं थोडा येळ घरघरती.”

तात्यांचे डोळे मिटलेलेच होते. भुवया जवळ आल्या, मान हळूहळू कलती झाली. टपरीवरून आलेल्यांपैकी कुणीही कप तोंडाला लावला नाही.

“थांबू नको,” ते म्हणाले. “अजून सांग.”