आडवी ताल

सकाळी साडेसहाला धुळा बागेतल्या चरात गुडघाभर पाण्यात उभा होता आणि बकुळीची मुळं त्याच्या तोंडासमोर लोंबत होती. काल त्यांच्यावर हातभर माती होती. त्याने फावड्याने चिखल ओढून मुळांवर थापला. तो घसरून पाण्यात गेला. पुन्हा थापला, पुन्हा गेला.

धुळाच्या पायाला भिंगरी आहे असं बागेत सगळेच म्हणत. बापजाद्यांनी मेंढरांमागे मुलूख पालथा घातला, त्यामुळे साताऱ्यात माळ्याची नोकरी लागून वीस वर्षं झाली तरी हा काही एका जागी बसत नव्हता. पण आज त्याचा जीव खरोखरच थाऱ्यावर नव्हता. ही बकूळ आप्पासोंची होती.

आप्पासो म्हणजे निवृत्त सुभेदार. बायको अंजनाबाई गेल्या त्या वर्षी त्यांनी हे झाड लावलं आणि धुळाला म्हणाले, "पाणी तू घाल, गप्पा मी मारतो." तेव्हापासून रोज सातला येऊन ते झाडापाशी बसत आणि अंजनाबाईंना घरातलं सगळं सांगत. सुनेच्या तक्रारीसुद्धा.

डोंगरउताराचं पाणी या चरातून बागेबाहेर जायचं आणि जाताना काठ कुरतडायचं. काठाला दगडी बांधकाम करायचा कागद नगरपालिकेत वर्षभर या टेबलावरून त्या टेबलावर फिरत होता. शेवटी गेल्या आठवड्यात धुळानेच दगड वाहून चरात आडवी ताल, म्हणजे पाणी अडवणारा दगडांचा बांध घातला. तो दुष्काळी माण तालुक्यातला. तिथे पावसाचा थेंब दिसला की माणूस दगड घेऊन धावतो. ताल मांडीएवढी उंच, या काठापासून त्या काठापर्यंत एका पातळीत आली, तेव्हा स्वारी दोन दिवस छाती फुगवून हिंडत होती. मग श्रावणाने तीन दिवस झड लावली.

बागेत झाडलोट करणारी त्याची बायको हरणाबाई खराटा घेऊन काठावर आली. तिने तालीकडे पाहिलं, मग बकुळीकडे.

"आवं, ह्ये काय केलंसा?"

"पानी अडीवलं. दुसरं काय?"

"आपल्याकडं अडवायचं आसतंय. हितं जाऊ द्यायचं आसतंय. मधला दगूड जरा खाली ठिवला आसता तर पानी मधनं गेलं आसतं. आता कडंनं वाट काढली न्हवं त्येनं!"

"तू लय शानी!" धुळा ओरडला खरा, पण त्याने पाहिलं. तालीला अडलेलं पाणी वळसा घेऊन काठात शिरत होतं, अगदी बकुळीच्या बुडाखाली. पावसाने नाही, त्यानेच ते तिकडे धाडलं होतं.

तो काठावर चढला आणि त्याने बुंध्याला खांदा दिला. हरणाबाईनेही खराटा टाकून हात लावला. पण ओल्या जमिनीत दोघांचेही पाय सरकत होते. बकूळ हळूहळू कलली आणि चरात आडवी झाली.

सातला आप्पासो छत्री घेऊन आले. आडव्या झाडापाशी येऊन थांबले.

"पावसानं घात केला रं," ते म्हणाले. "तू तरी काय करनार गड्या? त्याच्यापुढं कुनाचं चालतंय?"

हरणाबाईने नवऱ्याला डोळ्यांनी दटावलं. गप्प राहिला असता तर काहीच बिघडणार नव्हतं. कागद फिरत राहिला असता, पाऊस बदनाम झाला असता. धुळाने टोपी काढून हातात घेतली.

"पावसानं न्हाई, आप्पा. माझ्या तालीनं. मधनं वाट ठिवायची म्या इसरलो. पानी झाडाकडं म्याच वळीवलं."

आप्पासोंनी छत्री मिटली. पाऊस चालूच होता.

"पावसानं न्हेली म्हनून गेलो आसतो मी घरी," ते म्हणाले. "ह्ये मला सांगाया नगं हुतंस, धुळा."

एवढं बोलून ते फाटकाकडे चालू लागले, सवयीची ताठ चाल, पण पावलं जड. धुळा त्यांच्यामागे चार पावलं गेला आणि थांबला. मग तो चरात उतरला, तालीच्या मधला दगड दोन्ही हातांनी उपटून त्याने काठावर टाकला, आणि पाणी सरळ मधून निघून गेलं.