भाऊबीजेची होडी

भगवानरावांनी होडी घेतली तेव्हा गावानं त्यांना वेड्यात काढलं. मेहकर तालुक्यात माणूस ट्रॅक्टर घेतो, फार तर बुलेट घेतो. हा बहाद्दर मालवणला फिरायला गेला आणि येताना जुनी फायबरची होडी इंजिनासकट टेम्पोत टाकून घेऊन आला. पण गावाजवळचं धरण भरलेलं असलं, म्हणजे दिवाळीपासून होळीपर्यंत, की दर रविवारी मुलगा राजकुमार, सून अश्विनी आणि नात छकुली यांना घेऊन ते काठाकाठानं हिंडायचे. एखाद्या बाभळीखाली उतरायचं, रोडगे भाजायचे, झणझणीत वांग्याची भाजी करायची आणि उन्हं कलली की परत.

सगळे खूश होते. फक्त त्यांची बायको कोकिळाबाई होडीत एकदाही बसल्या नव्हत्या. दोन हंगाम त्या काठावरूनच छकुलीच्या लाइफ जाकिटाचे पट्टे ओढून बघायच्या आणि घरी परतायच्या. "मले पाण्याचं भेव वाटते," त्या म्हणायच्या, "अन् तुमच्या चालवण्याचं त्याहून जास्त." सगळे हसायचे, भगवानरावही हसायचे, पण त्यांना ते मनातून लागायचं. जिच्यासोबत सगळा जन्म काढला तीच काठावर उभी, मग त्या होडीत काय राम?

यंदा भाऊबीजेला योग आला. कोकिळाबाईंचं माहेर धरणाच्या पलीकडच्या काठावर. रस्त्यानं जायचं तर मेहकरचा वळसा, त्यात सणाच्या जीपा माणसांनी ठासून भरलेल्या. सगळ्यांनी होडीनंच जायचं म्हणून भगवानरावांनी गळ घातली, घातली आणि घातलीच. शेवटी "बसते बापा एकदाची" म्हणत बाईंनी जाकीट चढवलं, डोळे घट्ट मिटले आणि पलीकडचा काठ येईपर्यंत नवऱ्याची बाही सोडली नाही. बिचाऱ्यांनी एका हातानं इंजिन सांभाळलं. परतताना बाईंचे डोळे उघडले की गड जिंकला, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं.

होडी त्यांनी बैल बांधावा तशी बांधली. काठाला ओढून, बाभळीला आखूड दोर देऊन, पक्की. रात्रीचा मुक्काम झाला, ओवाळणी झाली. सकाळी सगळे काठावर येऊन बघतात तर होडी चिखलात रुतलेली आणि पाणी पार मागे सरकलेलं.

"दाजी, पाणी कुठी गेलं हो?" कोकिळाबाईंचा भाऊ पुंजाजी डोकं खाजवत म्हणाला.

"कालव्याले सोडलं असन," भगवानराव पुटपुटले.

"सोडलं कोणी?"

भगवानराव वाकून दोराची गाठ तपासू लागले. राजकुमार हसू दाबत म्हणाला, "मामा, हरभऱ्याले ओलित पाहिजे म्हणून महिनाभर पाटबंधाऱ्याच्या साहेबाच्या मागं बाबाच लागले होते."

काठावर जी खसखस पिकली ती पिकली. भगवानरावांना मात्र हसू येईना. दोन हंगामांची मेहनत त्या चिखलात गेली होती. ही बाई आता जन्मात होडीत पाय ठेवत नाही, हे त्यांना स्पष्ट दिसत होतं.

पुंजाजीनं बैलजोडी आणली. होडीला दोर बांधला, पण बैल चिखलात बिचकले, पाण्याकडे वळेचनात. तेव्हा कोकिळाबाईंनी पदर खोचला. "सरका तिकडं. बैल कसे हाकतात ते तरी याद हाये का तुमाले?" त्यांनी कासरा धरला आणि बैलांना चुचकारत पुढे झाल्या. घोटाभर पाणी, मग गुडघाभर पाणी. होडी हलली, सरकली, तरंगली. आपण किती पाण्यात उभ्या आहोत याचा बाईंना पत्ताच नव्हता. भगवानरावांनी ते पाहिलं, पण आयुष्यात पहिल्यांदा तोंड बंद ठेवलं.

पुंजाजी म्हणाला, "बाई, तू जीपनं जाय. मी सोडून देतो."

"हाव, जाय," चिखलानं माखलेले भगवानराव म्हणाले. "मी काही म्हणत नाही."

कोकिळाबाईंनी एकदा वर रस्त्यावर उभ्या जीपकडे पाहिलं, एकदा काठावर प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलेल्या आपल्या म्हाताऱ्या आईकडे. त्या होडीत चढल्या आणि माहेरच्या गावाकडे तोंड करून, उलट्या बसल्या. बाकीचे बसले. इंजिन सुरू झालं.

होडी बरीच आत आली तरी कोकिळाबाई मागच्या काठाकडेच बघत होत्या. डोळे उघडे होते. अन् भरलेले होते.

"काऊन रडून राह्यली?" भगवानराव घाबरले. "भेव वाटते का?"

"नाही हो. जीपनं निघालं की शाळेच्या वळणावर गाव दिसेनासं होते. माय मागं हात हालवत राहे, अन् मले कधी दिसली नाही. आज अजून दिसून राह्यली पाहा."

दूर खुर्चीतला हात खरंच अजून हलत होता. भगवानरावांनी इंजिन अगदी हळू केलं.

"आता काऊन हळू केलं?"

"पेट्रोल कमी हाये," ते धडधडीत खोटं बोलले.