एडेलिनला सांगायची लाट

"मानोय एन्सोय, माइक तिकडे नाहीये. बेआकडे आहे," सर्फिंग स्पर्धेच्या पंचांच्या मचाणाखाली तारा गुंडाळत बसलेला माणूस म्हणाला.

एन्सोयचा हात पुढे आलेला तसाच राहिला. मग त्याने तो डोक्यावरच्या टोपीकडे नेला, जणू टोपीच नीट करायची होती. एवढ्यात बेआ स्वतःच शिडी उतरून आली. मनिलाची पोर, दिसायला नाजूक पण आवाज खणखणीत, आणि स्वभावाने इतकी गोड की तिच्यावर रागावणंही जमू नये.

"मानोय, तुम्हाला कुणी सांगितलं नाही का? अगंबाई! यंदा सगळं प्रक्षेपण एकाच ठिकाणाहून जातंय. इंग्रजी आणि टागालोग. बाहेरदेशीही बघतात आता. तुमच्या वाराय भाषेतून बोललं की लोकांना…"

"कळत नाही. बरोबर आहे," एन्सोय म्हणाला. "माझे डुकराचे विनोद मनिलाला कसे कळणार?"

"तसं नाही हो! तुमच्यासाठी पाहुण्यांत खुर्ची ठेवलीय, अगदी पुढे. आणि हा शर्ट."

शर्टावर स्पर्धा-मालिकेचं नाव सोनेरी अक्षरांत होतं. एन्सोयने तो घेऊन अंगात चढवला, आभार मानले आणि खुर्चीकडे न जाता तो बंधाऱ्याकडे चालू लागला.

सान रोके गावात एन्सोयचा आवाज ऐकल्याशिवाय दिवस उजाडत नसे. सगळे त्याला मानोय, म्हणजे दादा, म्हणायचे. त्याच्या तीनचाकीच्या टपावर भोंगा बांधलेला होता. लसीकरण, पाणी बंद, बास्केटबॉलची फायनल, कुणाचं हरवलेलं डुक्कर, कुणाची मयत, सगळं तोच गावभर फिरून सांगायचा. मोठं वादळ झालं त्या वर्षी घरं उडाली, चर्चचं छप्पर उडालं, तेव्हा तांदूळ कुठे वाटताहेत हे त्यानेच ओरडून सांगितलं, आणि जे सापडत नव्हते त्यांची नावंही त्यानेच घेतली. त्यानंतर कित्येक महिने त्याचा घसा बसला होता. डॉक्टर म्हणाला, घशात काही दोष नाही.

पण त्याचा खरा जीव होता तो सर्फिंगच्या दिवसांत. स्पर्धा पहिल्यांदा झाली तेव्हा तिला कुणी स्पर्धाही म्हणत नव्हतं. कापितान रुफो गावचा प्रमुख. परदेशी पाहुण्यांनी टाकून दिलेल्या मोडक्या फळ्या जोडून गावची चार-पाच पोरं खडकावरच्या लाटेवर जायची, त्यांच्यात त्याने पैज लावून दिली. बक्षीस एक डुक्कर. मिरवणुकीचा कर्णा चर्चमधून मागून आणला आणि एन्सोयच्या हातात दिला. "बोल काहीतरी," कापितान म्हणाला. एन्सोय बोलत सुटला. गुडघ्याएवढ्या लाटेला त्याने घराएवढी केलं, पडलेल्या पोराला वीर केलं. किनाऱ्यावर साखरेत तळलेली केळी काडीला लावून विकणारी एक मुलगी होती. ती सगळ्यांदेखत ओरडली, "ए कर्ण्या! लाट एवढुशी आणि तोंड केवढं!"

ती एडेलिन. पुढच्या वर्षी स्पर्धेच्या वेळी ती केळी विकायला होतीच, पण एन्सोयची बायको म्हणून.

मग स्पर्धा वाढत गेली. एका वर्षी कापडी फलक आला, एका वर्षी रंगीत बनियनं आली. बालेरची पोरं बसने आली, सियारगावची बोटीने. उत्तरेत ला उनियोनला अशीच स्पर्धा होते असं कळलं, आणि कुणीतरी शहाण्याने या सगळ्या माळेत ओवल्या. या किनाऱ्यावरचे गुण त्या किनाऱ्यावर मोजले जाऊ लागले, वर्षाच्या शेवटी देशाचा विजेता ठरू लागला. माडाच्या खांबांचं मचाण जाऊन लोखंडी आलं. बायकांची फेरी सुरू झाली तेव्हा दोनच मुली होत्या, दोघींनाही नंबर मिळाला. आता मुलींची नावं एका फलकात मावत नव्हती आणि त्यांत एक नाव एन्सोयच्या घरातलं होतं.

त्यांची लेक मायलीन पाच वर्षांची असताना एडेलिन कुवेतला गेली. दुसऱ्याचं घर, दुसऱ्याची मुलं. सुटी मिळायची ती मालकीणबाई उन्हाळ्यात परदेशी जायच्या तेव्हा, आणि त्या दिवसांत सान रोकेचा समुद्र ताटात घेतलेल्या पाण्यासारखा निपचित. लाटा येतात त्या वारा फिरल्यावर, वर्षाच्या शेवटी. मायलीन दर सुटीत आईला किनाऱ्यावर नेऊन हाताने दाखवायची, "नानाय, लाट इथून उठते. मी तिथून निघते." एडेलिन मान हलवायची, सपाट पाण्याकडे बघत. लेकीला लाटेवर तिने एकदाही पाहिलं नव्हतं. यंदा ती लाटांच्या दिवसांत येणार होती. तिकीट हातात होतं. ऐन वेळी मालकीणबाईंची म्हातारी आई घसरून पडली आणि एडेलिनचं येणं राहिलं.

"काही बिघडत नाही," तिने फोनवर सांगितलं होतं. "आता तुमची स्पर्धा फोनवर दिसते ना? इथल्या सगळ्या बायकांना सांगून ठेवलंय. गच्चीवर कपडे वाळत घालायच्या वेळी बघेन."

म्हणून माइक गेला त्याचं दुःख करावं की त्याच तारांवरून एडेलिनला लेक दिसणार याचा आनंद मानावा, हे एन्सोयला कळेना. बंधाऱ्यावर बसून तो बेआचं इंग्रजी ऐकत होता. पोरगी बोलते चांगलं, त्याने मनाशी कबूल केलं. लाट जेवढी असते तेवढीच सांगते.

दुपारी मायलीनची उपांत्य फेरी लागली. समोर सियारगावची मुलगी, गेल्या वर्षीची देशाची विजेती. मायलीन फळी काखेत धरून बापापाशी आली. ती मुळात अबोल. बापाने सगळे शब्द वापरून टाकले म्हणून लेकीला उरले नाहीत, असं गाव म्हणायचं.

"ताताय, नानाय बघतेय ना?"

"बघतेय. मघाशीच मेसेज आला. ऊन डोळ्यांवर येतंय म्हणते, डोक्यावर टॉवेल घेऊन बसलीय."

मायलीन हसली आणि पाण्यात शिरली.

फेरी सुरू झाल्याचा भोंगा वाजला आणि दोन्ही मुली खडकापलीकडे पोचतात न पोचतात तोच बेआचा आवाज मध्येच तुटला. किनाऱ्यावरचे पंखे थांबले. बर्फगोळेवाल्याचं यंत्र थांबलं. वीज गेली होती. मचाणावर धावपळ उडाली; पंचांनी कागद-पेन्सिल काढली आणि झेंड्यांवर फेरी चालू ठेवली. प्रक्षेपण मात्र बंद.

एन्सोयचा फोन वाजला.

"एन्सोय! चित्र गेलं! मी काही दाबलं का रे?"

"नाही गं, इथली वीज गेली."

"तुझ्या फोनवरून दाखव."

त्याने दाखवून पाहिलं. चित्र अर्धवट येऊन अडकलं, आवाज तेवढा जात होता.

"आता?" एडेलिन म्हणाली. मागे वाऱ्यावर चादर फडफडल्याचा आवाज आला. "एन्सोय, इतकी वर्षं थांबले रे मी."

तो उभा राहिला. सवयीने त्याने घसा खाकरला.

"सांगतो. मी सांगतो तुला. ऐक."

"पण खरं सांग. तुझ्या त्या घराएवढ्या लाटा नकोत मला. जेवढं आहे तेवढंच सांग."

"जेवढं आहे तेवढंच," एन्सोय म्हणाला आणि समुद्राकडे पाहिलं. आजवर कधी इतकं नीट पाहिलं नसेल असं पाहिलं.

"दोघी खडकापलीकडे बसल्यात. आपली लाल बनियनात. पाठ ताठ आहे. तू भांडायला बसतेस ना, तश्शी."

"पुढे सांग, माझं नको."

"सियारगावच्या मुलीने लाट घेतली. बरी होती. डोक्याएवढी. तीन वळणं काढली तिने, छान काढली. खोटं कशाला बोलू, फारच छान. आता आपली. वल्हवतेय हातांनी… उठली! उभी राहिली एडेलिन, उभी आहे. उजवा पाय मागे. एक हात पाण्याला लावलाय, भिंतीवरून हात फिरवत जावं तसा. वळली. परत वळली. लाट संपली. छोटी होती गं. कमरेच्या वर असेल थोडी."

"केस बांधलेत?"

"वेणी घातलीय."

"कुणी घालून दिली?"

"तिची तीच घालते आता."

एन्सोय बोलत राहिला. सियारगावच्या मुलीने आणखी एक लाट घेतली, तीही चांगली. मायलीनने एक सोडली, दुसरीही सोडली. "का सोडतेय?" एडेलिनने विचारलं. "मोठीची वाट बघतेय," तो म्हणाला. "लहान लाटांनी भागायचं नाही हे कळलंय तिला. शहाणी आहे."

आणि मग क्षितिजापाशी पाण्याची रेघ काळी झाली. किनाऱ्यावरच्या सगळ्यांनाच ती दिसली. एन्सोयचा आवाज आपोआप चढला.

"आली एडेलिन! मोठी आहे. नाही, थांब, घराएवढी नाही. मचाणाच्या अर्ध्या शिडीएवढी… नाही, त्याहून मोठी. देवाशपथ मोठी आहे! ही लाट आपलीच, आपली पोर जास्त आत बसलीय, हक्क तिचा. वळली. वल्हवतेय. लाट खडकाला लागली, उभी होतेय, खालचं पाणी ओढून घेतेय. मायलीन उभी राहिली! सरळ कड्यावरून खाली. खाली आली, पडली नाही. वाकली. आता लाट तिच्या डोक्यावरून वळतेय. झाकली. एडेलिन, ती लाटेच्या पोटात गेली! आत आहे. मला दिसते. पडद्यामागे कुणी चालावं तशी दिसते, लाल लाल. अजून आहे. अजून आत आहे."

"बाहेर आली?"

"नाही."

"आता?"

एन्सोयच्या तोंडात शब्द तयार होते. आयुष्यभर हेच तर केलं होतं त्याने, पडलेल्याला उभं केलं होतं. कुवेतच्या गच्चीवरून कुणाला काय दिसणार होतं?

"नाही आली गं," तो म्हणाला. "लाट मिटली तिच्यावर."

चादर बाजूला सारल्याचा आवाज आला.

"पाण्यावर आली का?"

"थांब… आली. आली वर. फळी ओढून घेतेय दोरीने. खोकतेय. हसतेय, एडेलिन. एकटीच हसतेय तिथे."

"हरली?"

"हरली. लाट पुरी केली असती तर जिंकली असती. आता वेळ उरला नाही."

एडेलिनने मोठ्याने श्वास सोडला. ती रडत होती की हसत होती, एन्सोयला सांगता आलं नसतं.

"आत होती ना पण? किती वेळ होती रे?"

"तुझा श्वास किती वेळ थांबला होता?"

"बराच वेळ."

"तेवढा वेळ होती."

तेव्हा कुठे एन्सोयच्या ध्यानात आलं की आजूबाजूला सगळं शांत आहे. भोंगे बंद, पंखे बंद, आणि बंधाऱ्यावर बसलेलं गाव त्याच्याकडे तोंड करून ऐकत होतं. केळीवाल्या बायका, मासेवाले, मचाणाच्या शिडीवर उभी असलेली बेआसुद्धा. तिला एक शब्द कळला नसेल, पण तिचा हात गळ्यापाशी होता. कापितान रुफो आता फार म्हातारा झाला होता. तो काठी टेकत जवळ आला. "एन्सोय, जनित्र मागवलंय. वीज आली की अंतिम फेरी आणि बक्षीस समारंभ तू कर. मी सांगतो त्यांना. गावाला तुझाच आवाज हवाय."

"आज नको, कापितान," एन्सोय म्हणाला. "घरचं माणूस लाइनवर आहे."

जनित्र सुरू झालं. बेआचा आवाज पुन्हा किनाऱ्यावर घुमू लागला. सियारगावच्या मुलीचं नाव, तिचे गुण, प्रायोजकांची नावं. मायलीन पाण्यातून वर आली. घोट्यावर खडकाने खरचटलं होतं, त्यातून बारीक रक्त येत होतं; ती जवळ येण्याआधीच एन्सोयने ते फोनवर सांगून टाकलं. ती बापासमोर उभी राहिली आणि त्याच्या तोंडाकडे बघू लागली.

त्याने फोन तिच्या हातात दिला आणि फळी आपल्याकडे घेतली.

"नानाय?"

"जेवलीस का गं?" एडेलिनने विचारलं. आवाज बाहेर ऐकू येत होता.

"सकाळी. भात आणि सुकी मासळी."

"एवढंच? आणि पायाला लागलं म्हणे?"

"ताताय बोलला? जरासं. काही नाही."

"मिठाच्या पाण्याने धू."

"नानाय, मिठाच्याच पाण्यातून आले मी."

पलीकडून हसू आलं. एवढ्या वर्षांत फोनवर जे काही बोलायचं असतं ते बोलून झालं होतं: जेवलीस का, शाळा कशी आहे, पाऊस आहे का. मायलीनच्या वेणीतून पाणी ठिबकत होतं. तिने फोन घट्ट धरला होता, पण आता ठेवते म्हणायच्या बेतात होती, हे एन्सोयला दिसत होतं.

"मायलीन," एडेलिन म्हणाली, "आत कसं असतं गं?"

मायलीनने मागे वळून समुद्राकडे पाहिलं. "आत म्हणजे…" ती म्हणाली आणि थांबली. "म्हणजे, नानाय… आवाज असतो खूप. आणि तरी…"

एन्सोयला तो शब्द ठाऊक होता. एक नाही, वीस ठाऊक होते. त्याने ओठ घट्ट मिटले. फळी काखेत धरून तो त्या दोघींपासून चार पावलं लांब गेला आणि पाठ फिरवून उभा राहिला. फळीवरचं पाणी त्याच्या सोनेरी अक्षरांच्या नव्या शर्टावरून ओघळत चपलांत जमत होतं. मागे त्याची मुलगी हळूहळू, अडखळत बोलत होती.