डाव्या बुटाची झीज

धाकटीचे बूट जागेवर नव्हते. दाराशेजारच्या फळीवर बायकोच्या चपला होत्या, थोरल्याचे बिनलेसचे बूट होते, बूटवाल्याच्या स्वतःच्या वहाणाही होत्या. धाकटी अजून आंघोळीतच होती, म्हणजे बूट घरातच कुठेतरी असणार.

"काय शोधताय?" बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं.

"काही नाही."

"ते 'काही नाही' तिच्या कॉटखाली आहे. तुम्ही रोज उलटे करून बघता, हे कळलंय तिला."

बूटवाला फळीपासून मागे सरला. त्याचं दुकान गल्लीच्या तोंडाशी होतं आणि सोल बघून माणूस कसा चालतो हे सांगण्यात त्याचा हात कुणी धरू शकत नसे. पण याच बाबतीत तो एकदा सपशेल तोंडावर आपटला होता. थोरल्याचा डावा बूट बाहेरच्या कडेने झिजायला लागला, तेव्हा त्याने पोराला फैलावर घेतलं होतं. "पाय नीट टाकत जा, बापाचं दुकान आहे म्हणून काय झालं?" थोरला म्हणायचा, सकाळी ठीक असतं हो बाबा, संध्याकाळी पाऊल आपोआप आत वळतं. बापाला तो आळस वाटला. त्याने कडेला चामड्याचा तुकडा लावला, तो झिजल्यावर दुसरा लावला. मग पोराचा हात थरथरायला लागला आणि डॉक्टरांनी पार्किन्सन म्हणून सांगितलं, तेव्हा थोरल्याने नुकती एकतिशी ओलांडली होती. रोग बापाच्या मांडीवर येऊन बसला होता आणि बापाने त्याला ठिगळ लावून परत पाठवलं होतं.

त्यानंतर घरात वर्षभर एकच भांडण चाललं, हे कुणाकडून आलं. बायको म्हणे, तुमच्या काकांचे हात हलायचे. तो म्हणे, काकांचे हात बाटली दिसेपर्यंतच हलायचे, तुझ्या मावशीचं बघ. शेवटी रक्ताचा अहवाल आला आणि रुग्णालयातल्या समुपदेशक बाईंनी दोघांना समोर बसवून समजावलं. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक बापाकडून. तुमच्या दोघांकडे एकेक प्रत बिघडलेली आहे. दुसरी चांगली आहे म्हणून तुम्हाला काही झालं नाही. मुलाच्या वाट्याला दोन्ही बिघडलेल्या आल्या.

"म्हणजे निम्मं-निम्मं," बायको म्हणाली. "लग्नानंतर पहिल्यांदाच यांनी काहीतरी बरोबरीने उचललं."

"आणि धाकटी?" त्याने विचारलं होतं.

"चारात एक शक्यता."

त्याने लगेच हिशेब मांडला. चारात एक, ती थोरल्याने घेतली, मग धाकटी सुटली! बाईंनी मान हलवली. तसं नसतं. प्रत्येक मुलाच्या वेळी फासा नव्याने पडतो, आधीचा त्याला आठवत नाही.

तपासणी करायची की नाही हे धाकटीने ठरवायचं होतं, आणि दोघांनी घरी येऊन सांगताच तिने विषय मिटवून टाकला. "मला बरं वाटतंय. मला सोडा."

तेव्हापासून बूटवाल्याच्या जिवाला चैन नव्हती. तो तिला मुद्दाम सुईत दोरा ओवायला सांगे. चहाचा कप काठोकाठ भरून तिच्या हातात देई आणि बशीकडे बघत राही. आणि गेल्या आठवड्यात तिचा डावा बूट उलटा केला, तर बाहेरची कड झिजलेली.

बूट कॉटखाली गेले त्या दिवशी दुपारी त्याने एका गिऱ्हाइकाच्या बुटाला दुसऱ्याच्या टाचा ठोकल्या. मग दुकानाचं दार ओढून घेतलं आणि तडक धाकटीच्या कामाच्या जागी गेला. ती कृत्रिम दात बनवणाऱ्या प्रयोगशाळेत होती. जिना चढून वर एक लांबट खोली, खिडकीपाशी टेबलं, सगळीकडे प्लास्टरचे पांढरे जबडे.

"या काका," दाराजवळचा कारागीर म्हणाला. "कवळी करायची का? पण अजून सगळे तुमचेच दिसतायत."

बूटवाला हसलादेखील नाही. धाकटी पाठमोरी, उंच स्टुलावर बसली होती. उजवा पाय पेडलवर होता. डावा तिने स्टुलाच्या आडव्या दांडीला वेढून घट्ट अडकवला होता, आणि हातातलं फिरतं हत्यार दातावर टेकलं की तो पाय दांडीवर घासे. बाहेरच्याच कडेने.

स्टूल! नुसतं स्टूल! आपण मूर्ख आहोत हे एवढ्या आनंदाने त्याने कधी मान्य केलं नव्हतं. पण तो आनंद श्वास घेईपर्यंतच टिकला. स्टुलाने बुटाचा खुलासा केला होता, रक्ताचा नाही.

धाकटीने वळून पाहिलं. तिने यंत्र बंद केलं आणि त्याला खिडकीच्या कोपऱ्यात नेलं.

"दुकान सोडून आलात? माझा पाय बघायला?"

"सहज आलो होतो."

"बाबा, सुया ओवून ओवून माझी बोटं दुखायला लागली. बशी तुमच्या नजरेने हलते, माझ्या हाताने नाही." ती थांबली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "मी तपासणी केलीय. निकाल आलाय. दादाला माहीत आहे."

त्याने विचारलं, "आणि आईला?"

"आईला सांगितलं असतं तर जेवायच्या आत तुम्हाला कळलं असतं." ती त्याच्याकडे सरळ बघत होती. "सांगू? आत्ता सांगते. पण त्यानंतर माझ्याकडे असं बघायचं नाही. दादाकडेही नाही. जमेल?"

'सांग' हा शब्द त्याच्या ओठांवर होता. वर्षभर त्याला दुसरं काही नको होतं. त्याने मनातल्या मनात दोन्ही उत्तरं ऐकून पाहिली. वाईट असेल तर तो तिच्या प्रत्येक पावलाला दचकणार. चांगलं असेल तर आज रात्रीच्या जेवणाला त्याचा चेहरा खुलणार, आणि समोर थोरला दोन्ही हातांनी पेला धरून बसलेला असणार.

"नको," तो म्हणाला. "मला जमणार नाही."

धाकटीच्या खांद्यांवरचा ताण जरा उतरला. का उतरला, ते त्याला कळेना, आणि जाणून घ्यायची आता सोय नव्हती.

"बसा मग. एवढा दात संपवते, बरोबरच निघू."

तो तिच्याशेजारच्या खुर्चीवर बसला. दात बसवायला ती दिव्यावर मेण तापवू लागली. तो उठला, खिडकीपाशी गेला, परत येऊन बसला. नजर फिरून फिरून तिच्या मनगटाकडे जात होती.

"बाबा," ती मान वर न करता म्हणाली, "दाताकडे बघा. हाताकडे नाही."

तो दाताकडे बघू लागला. जमत नव्हतं. तरी तो बघत राहिला.