दोन बोटांचा आधार

मी एक जुना लाकडी दांडा आहे. बॅले शिकणारे ज्यावर हात ठेवून उभे राहतात, तो. न्यूझीलंडच्या दक्षिणेला, गाईगुरांच्या एका गावात, सभागृहाच्या भिंतीवर मी बावन्न वर्षं आहे.

मित्रांनो, डेसमंड सुताराने मला रंधा मारून गुळगुळीत केलं आणि भिंतीला असं घट्ट बसवलं की बैलाने धडक दिली तरी मी हलू नये. मुली माझ्यावर रेलत आणि म्हणत, "काय पक्का आहे ना हा!" ते ऐकून मी फुगून जात असे. पुढे मुली शहरात गेल्या. माझ्यावर टेबलावरच्या चादरी वाळू लागल्या. फार वाईट वाटायचं.

मग नाच शिकवणाऱ्या नोएलीनबाईंनी मोठ्यांसाठी बॅलेचा वर्ग सुरू केला. त्यात ग्लेनिस आली. शाळेची बस चालवणारी, चोपन्न वर्षांची. लहानपणी तिला नाच शिकायचा होता, पण घरच्या गाईंचं दूध काढण्यातच तिचं बालपण गेलं. दोन वर्षांत ती माझ्यापाशी छान गिरकी घेऊ लागली. सगळं श्रेय मी घेत होतो.

पण वर्गाचा अर्धा वेळ माझ्यापासून लांब, मोकळ्या जमिनीवर जातो. तिथे ग्लेनिसची गिरकी अर्ध्यातच ढासळे. वर्षअखेरच्या कार्यक्रमात तिला एकटीला मधोमध एक गिरकी घ्यायची होती.

"माझं नाव काढून टाक, नोएलीन. हसं होईल माझं," ती एके दिवशी रडवेली होऊन म्हणाली.

पुढच्या गुरुवारी नोएलीनबाई लवकर आल्या. त्यांनी पेचकस काढला आणि माझ्या डाव्या टोकाचे स्क्रू चक्क सैल केले! माझा असा अपमान कधी झाला नव्हता.

"अगं, हा हलतोय!" ग्लेनिस ओरडली.

"हलणारच. तू लोंबकळतेस त्याला. गाईचं आचळ आहे का ते, पिळायला? दोन बोटं ठेव फक्त."

"मग मी पडेन ना!"

"पड. पण स्वतःच्या पायावर उभी राहून पड."

ती चिडली, पण दोन बोटं ठेवली. जरा भार टाकला की मी कुरकुरायचो आणि ती चटकन सावरायची. हळूहळू तिचा सगळा तोल जमिनीवर टेकलेल्या पायावर नीट येऊ लागला. पाचव्या आठवड्यात माझं कुरकुरणं थांबलं. तिची बोटं माझ्यावर आहेत की नाहीत, हेच मला कळेना. खरं सांगतो, मला रडू आलं.

कार्यक्रमाच्या दिवशी पाऊस होता. लोकांनी ओले रेनकोट माझ्यावरच टाकले. मला काही दिसेना. ग्लेनिसच्या गिरकीपाशी संगीत क्षणभर थांबलं. एक पाय फिरल्याची सरसर ऐकू आली आणि मग पाय टेकल्याचा एकच आवाज. एकच, मित्रांनो! धडपड नाही, उड्या नाहीत. मग टाळ्या.

नोएलीनबाई आता थकल्या आहेत. नव्या शिक्षिका हौशी आहेत, दिसेल ते दुरुस्त करतात. त्यांना माझा निरोप सांगाल? मला पुसा, तेल लावा, माझ्यावर चादरी वाळत घालू नका. पण डावीकडचे स्क्रू आवळू नका. अजून कितीतरी जणींना माझ्यापासून लांब जायचं आहे.