एक डावा शेरा

व्हिडिओ गेमची परीक्षणं लिहिणाऱ्या त्या गृहस्थाला धंद्यातले लोक 'पावणेसहा' म्हणत. दहापैकी पावणेसहा हा त्याचा ठरलेला गुण. पाच दिले तर गेम बनवणारे चिडतात, सात दिले तर खेळणारे चिडतात; पावणेसहाचा अर्थ कोणालाच लागत नाही, त्यामुळे भांडायला कोणी येत नाही. या एका आकड्याच्या जिवावर त्याने एका साप्ताहिकात चौदा वर्षं सदर चालवलं होतं. बाकीचे समीक्षक स्वतः खेळण्याच्या भानगडीत फारसे पडत नसत. ते मंगळवारी त्याचं सदर वाचत आणि बुधवारी आपापली स्वतंत्र मतं बनवत.

तर या गृहस्थाच्या मेहुणीने, म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीने, गेम बनवला. एकटीने, तीन वर्षं खपून. नाव 'माघारी'. पडदा आडवा सरकत राहतो, आपलं अवकाशयान सुसाट धावतं आणि वाटेत येईल त्याला धडाधड उडवत सुटायचं, अशातला तो गेम. फक्त अशा सगळ्या गेममध्ये यान डावीकडून उजवीकडे जातं, हिचं उजवीकडून डावीकडे जात होतं.

"हे काय उफराटं?" त्याने विचारलं होतं.

"भावोजी, लढायला निघालेले सगळे उजवीकडे जातात. माझं यान हरलंय. ते घरी चाललंय. मग डावीकडेच जाणार ना?" ती म्हणाली. "तुम्ही लिहा यावर. गोड नको, खरं लिहा. बाकीच्यांचं मी वाचतसुद्धा नाही."

इथेच गोची होती. नात्यातल्या माणसाच्या कामावर लिहायचं नाही, लपवून लिहिलं तर सदर गेलं, असा साप्ताहिकाचा नियम होता. पण संपादकबाईंनी आपणहून तो गेम त्याच्याकडे पाठवला, आणि या शूर माणसाने तोंडातून शब्द काढला नाही.

खेळायला तो बायकोच्या दवाखान्यात बसला. बायको दातांची डॉक्टर. एक ते तीन दवाखाना बंद असे, आणि बाहेरच्या खोलीतला टीव्ही घरच्यापेक्षा मोठा होता. पहिल्या दिवशी त्याचं यान अकरा वेळा फुटलं. दुसऱ्या दिवशी तो जेवण विसरला. तिसऱ्या दिवशी, दवाखाना बंद होताना दात काढलेला एक पेशंट गाल धरून घरी जायचं सोडून त्याच्या मागे उभा राहिला आणि बधिर जिभेने "खाई! खाई घ्या!" असं ओरडू लागला. यान खाली घ्यायला हवं होतं हे कळेपर्यंत ते फुटलंच, आणि दोघांनी मिळून एकच शिवी हासडली. चौथ्या दिवशी, एक पंख गेलेलं ते यान धडपडत घरी पोहोचलं तेव्हा पावणेसहाने रिकाम्या दवाखान्यात उभं राहून टाळ्या वाजवल्या. गेम त्याला आवडला होता. मनापासून, पोरासारखा आवडला होता.

आणि त्याचीच त्याला भीती वाटली. कौतुक करावं आणि उद्या नातं उघड झालं, तर लोक म्हणणार, बघा, मेहुणी म्हणून डावं-उजवं केलं. झोडपावं, तर बायकोने आधीच बजावलं होतं, "माझ्या बहिणीला रडवलंस ना, तर तुझी अक्कलदाढ भूल न देता काढीन. अक्कल तशीही नाहीये." इकडे आड, तिकडे विहीर.

मग त्याला एक शब्द सुचला. त्याने लिहिलं : 'वेग आहे, कल्पकता आहे, मात्र आपल्या जातीच्या इतर गेमच्या तुलनेत माघारी डावा आहे.' घरी कोणी विचारलंच तर यान डावीकडे जातं, बास. बाहेरच्यांनी समजायचं की डावा म्हणजे कमअस्सल. साप मेला आणि काठीही मोडली नाही. खाली त्याने नेहमीचे पावणेसहा टेकवले आणि स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन दोन कप चहा प्यायला.

बुधवारी मेंढरं निघाली. एकाने लिहिलं, 'गतिमान, पण डावा.' दुसऱ्याने लिहिलं, 'डावेपणा डोळ्यांत खुपतो. माझी मान अवघडली.' तिसऱ्याने तर 'गाड्यांची शर्यत बरी, तरी एकंदरीत डावी' असं ठोकून दिलं. त्या गेममध्ये गाडी नावाला नव्हती.

शुक्रवारी गेमची नवी आवृत्ती आली. सोबत एक ओळ : 'समीक्षकांच्या सूचनेनुसार दिशा सुधारली आहे.'

त्याने दवाखान्यात टीव्ही लावला. मेहुणीने सगळा गेम आरशात धरावा तसा उलटवला होता. यान आता उजवीकडे पळत होतं. तेच शत्रू, तोच वेग, पण घरी परतणारं ते यान घर सोडून पळाल्यासारखं दिसत होतं. पावणेसहाला स्वतःची इतकी लाज वाटली की त्याने टीव्ही बंद केला आणि तिला फोन लावला.

"अगं, हे काय केलंस?"

"तुम्हीच म्हणालात ना डावा. तीन वर्षं चुकीच्या दिशेने गेली म्हणायची."

"मला तसं नव्हतं म्हणायचं. म्हणजे, म्हणायचं होतं, पण..."

"भावोजी, ताकाला जाऊन भांडं लपवू नका. तुम्हाला गेम आवडला का नाही?"

"आवडला. फार आवडला."



"मग तसं लिहिलं का नाही?"

"लोक काय म्हणतील म्हणून. आणि सदर जाईल म्हणून."

"आणि आता मी फोनवरचं खरं मानायचं की छापलेलं?" तिने विचारलं आणि फोन ठेवला.

पावणेसहाने बायकोच्या टेबलावरचा औषधांच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा ओढला आणि त्यावरच लिहायला घेतलं. पहिलं वाक्य : 'माघारी बनवणारी माझी मेहुणी आहे आणि हे मी तुमच्यापासून लपवलं.' दुसरं वाक्य : 'भित्रेपणाने मी एक दुटप्पी शब्द वापरला, बाकीच्यांनी तो माझ्याकडून उचलला, त्यांचा दोष एवढाच की ते खेळले नाहीत.' मग गेममध्ये काय आहे, ते यान डावीकडेच का गेलं पाहिजे, आणि शेवटी आपण एकट्याने टाळ्या कशा वाजवल्या, सगळं लिहिलं. दहापैकी नऊ दिले. संपादकबाईंनी ते एक अक्षर न बदलता छापलं आणि त्याच्याच खाली कळवलं की हे सदर या अंकापासून बंद होत आहे.

लोकांनी यथेच्छ टिंगल केली. 'मेहुणी नऊ, बायको किती?' अशी पत्रं आली. बायकोने ती वाचली आणि म्हणाली, "दाढ वाचली तुझी."

मेहुणीचा फोन मात्र दोन दिवस आला नाही. तिसऱ्या दिवशी आला.

"वाचलं," ती म्हणाली. आवाज अजून ताठच होता. "भारीच कौतुक केलंत. सदर घालवून बसलात म्हणून मला बरं वाटावं यासाठी लिहिलंत का?"

"नाही."

"मग एक गुण का कापला?"

"पाचव्या टप्प्यावरचं तुझं संगीत भिकार आहे. पत्र्याच्या डब्यात खिळे घालून हलवल्यासारखं वाजतं. दर वेळी मी तिथे आवाज बंद करून खेळलो."

 ती इतकी मोठ्याने हसली की त्याला फोन कानापासून लांब धरावा लागला.

"तुम्ही खरंच पाचव्या टप्प्यापर्यंत गेलात!" ती म्हणाली. हसता हसता ती रडत होती हे त्याला कळलं. "थांबा, यान परत डावीकडे वळवते."